टीव्ही त्यांचा, लाज आपली

जानेवारी २०१०. मी तेव्हा बर्मिंगहॅमच्या बाजूला एका कंपनीत होतो आणि आदल्या रात्री चॅनेल फोरवर धारावीचा कार्यक्रम होऊन गेला होता. केविन मॅक्लाउड म्हणून एक प्रेझेंटर आहे, एरवी तो लोक आपली भलीमोठी घरं बांधत असताना मागे हात बांधून उभा राहतो आणि हे काही वेळेत पूर्ण व्हायचं नाही असं कॅमेऱ्याला सांगत असतो, तर तो माणूस बॅग घेऊन धारावीत राहायला गेलेला. उंदीर, उघडी गटारं, प्लॅस्टिकचे ढीग, आणि मग गल्लीतली माणसं एकमेकांना कशी धरून असतात वगैरे, असं सगळं दोन भागांत. सकाळी कॅन्टीनमध्ये चहाच्या रांगेत एक कलीग म्हणाली, "बघितलं हं तुमच्याकडचं काल. काय हाल आहेत, पण किती आनंदी असतात ना ती माणसं!"

आता मी डोंबिवलीचा. धारावी मी आयुष्यभर सायनच्या आसपास लोकलच्या दारातून बघितलेली, उतरलो एकदाच, तेही लेदरची बॅग स्वस्त मिळते म्हणून. पण त्या बाईला मी काय सांगितलं? की सगळा भारत असा नाहीये, आमच्याकडे आत्ताच समुद्रावर पूल झालाय, बांद्रा-वरळी सी लिंक म्हणतात त्याला, गूगल करून बघ. ती बिचारी बघतच राहिली, कारण सगळा भारत असा आहे असं ती कुठे म्हणाली होती? हं हं करून टोस्ट घ्यायला निघून गेली.

त्या दिवशी मला तिचाच राग आला होता, आनंदी काय आनंदी, स्वतः एक आठवडा राहून बघ म्हणावं. तो राग अजूनही थोडा आहे. गरीब पण आनंदी हे वाक्य ऐकलं की माझं डोकं आजही फिरतं, कारण एकदा ती माणसं आनंदी आहेत असं ठरलं की मग कुणालाच काही करायला नको, बघणारा टीव्ही बंद करून निवांत झोपायला मोकळा. पण खूप नंतर माझ्या लक्षात आलं की मी जे बोललो त्यात धारावीतल्या माणसांचा काही संबंधच नव्हता. मी माझं तोंड वाचवत होतो. माझ्या डोक्यात एकच, आता ऑफिसात सगळे मला कुठून आलेला समजणार.

आणि हे माझं एकट्याचं नाहीये, हा आपला जुना रोग आहे. १९७० मध्ये लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाची भारतावरची सात भागांची डॉक्युमेंटरी बीबीसीनी दाखवली. ब्रिटनमधले भारतीय भडकले की हा माणूस फक्त दारिद्र्य दाखवतो, दिल्ली सरकार भडकलं, दाखवणं थांबवा म्हणाले, बीबीसीनी ऐकलं नाही, शेवटी काही काळ बीबीसीला दिल्लीतलं ऑफिसच बंद करावं लागलं. आता विचार करा, १९७० मध्ये इथे किती लोकांकडे टीव्ही होता? दूरदर्शन दिल्लीपुरतं, मुंबईला यायलासुद्धा अजून दोन वर्षं होती. म्हणजे जे इथल्या कुणी बघितलंच नाही, बघणं शक्यच नव्हतं, त्यावरून एवढा गोंधळ. कारण प्रश्न आपण काय बघतो हा नव्हताच, ते काय बघतात हा होता. पाहुणे यायच्या आधी घरातला पसारा बेडरूममध्ये ढकलून दार लावून घेतो ना आपण, तसं. आणि कुणी चुकून दार उघडलं तर राग पसाऱ्याचा येत नाही, दार उघडणाऱ्याचा येतो.

बरं, ब्रिटनमधला प्रेक्षक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक गोरा म्हातारा येतो, हातात चहाचा मग, मांडीवर मांजर. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये भारतीय वंशाचे लोकच चौदा लाख होते. ते पण टीव्ही लायसन्स भरतात, मी पण भरायचो, वर्षाला १४५ पौंड ५० पेन्स, कितीतरी वर्षं तेवढाच आकडा होता. म्हणजे तिथे भारतावर काही लागलं की सगळ्यात आधी फोन फिरतात ते भारतीयांचेच, बघितलं का, बघ बघ काय दाखवतायत. चांगलं असलं तरी फिरतात. १९९१ ला नसरीन मुन्नी कबीर यांनी लताबाईंवर केलेली मालिका चॅनेल फोरवर लागली तेव्हा आमच्या काकांनी म्हणे निम्म्या इंग्लंडला फोन केले होते, आणि काका एरवी फोनच्या बिलावरून मावशीशी भांडणारे. त्याच चॅनेलवर हिंदी पिक्चर लागायचे ते मात्र रात्री एक-दीडला, मग व्हीसीआरला टायमर लावून झोपायचं, आणि कॅसेट तीन तासांची, पिक्चर जाहिरातींसकट त्याहून मोठा, त्यामुळे मावशीनी कित्येक पिक्चरांचे शेवट बघितलेलेच नाहीत. खलनायक पकडला गेला असणार असं ती धरून चालते.

मावशीचीच एक गोष्ट सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा तिथून सुरू होतो. काका डॉक्टर, सत्तरच्या दशकात तिकडे गेले. १९९० मध्ये बीबीसी टू वर बी. आर. चोप्रांचं महाभारत इंग्लिश सबटायटल्स लावून दाखवायला लागले. शेजारी एक म्हातारी इंग्लिश बाई राहायची, एकटीच, ती पहिल्या भागापासून चिकटून बसलेली. दर आठवड्याला कुंपणाशी येऊन मावशीला प्रश्न. हा त्याचा कोण, तिला शंभर मुलं कशी झाली. मावशीला भारी वाटायचं, आपली संस्कृती गोऱ्या बाईला समजावून सांगतोय म्हणून मुद्दाम चांगली साडी नेसून बागेत जायची (हे काकांचं म्हणणं, मावशीला मान्य नाही). मग द्यूताचा भाग झाला. बाई कुंपणाशी आली ती जरा गंभीरच. म्हणाली, "त्यानी बायको पणाला लावली, ते समजलं. पण तिला कुणी विचारलं का?"

मावशी सांगते, माझ्या अंगावर काटा आला आणि रागही आला. काटा अशासाठी की भर सभेत द्रौपदी जे विचारते, की आधी स्वतःला हरला असाल तर मला लावायचा हक्कच कुठे राहिला, ते अख्ख्या महाभारतात कुणाला धड उत्तर न देता आलेलं, भीष्मसुद्धा धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून सुटतात, आणि ही बाई न वाचता नेमकी तिथेच येऊन उभी राहिली. आणि राग अशासाठी की आता हिला वाटणार आमच्यात बायका अशाच वागवतात. मग मावशीनी युधिष्ठिर किती धर्मनिष्ठ होता आणि तो काळच कसा वेगळा होता यावर पंधरा मिनिटं भाषण दिलं. म्हणजे मी सी लिंक दाखवला, तिनी युधिष्ठिर.

पण त्या म्हातारीचा प्रश्न सोडू नका. तिला कुणी विचारलं का?

१९९४ चा बँडिट क्वीन घ्या. पैसा चॅनेल फोरचा, दिग्दर्शक शेखर कपूर, गोष्ट फूलनदेवीची, आणि फूलनदेवी जिवंत, नुकतीच तुरुंगातून सुटलेली. आपल्याकडे चर्चा कशावर? नग्नता किती, शिव्या किती, परदेशात आपल्याबद्दल काय मत होईल. आणि जिच्यावर पिक्चर होता ती कोर्टात गेली ती वेगळंच म्हणत होती, की माझं आयुष्य, माझ्यावरचे बलात्कार, तुम्ही मला न दाखवता न विचारता पडद्यावर टाकलेत. शेवटी चॅनेल फोरनी पैसे देऊन प्रकरण मिटवलं. तुम्ही तो पिक्चर थोर माना नाहीतर मानू नका, मला तो थोरच वाटतो, पण तक्रार खरी कुणाची होती ते बघा. देशाची इज्जत वगैरे नंतर, आधी तिची होती. आणि नेमकी तिचीच तक्रार आपल्या दिवाणखान्यातल्या चर्चेत सगळ्यात शेवटी.

मग २०१५. दिल्लीतल्या १६ डिसेंबर २०१२ च्या घटनेवर लेस्ली उडविन यांची इंडियाज डॉटर. ८ मार्चला महिला दिनाला लागणार होती, इथे कोर्टातून बंदी आणल्यावर बीबीसीनी घाईनी ४ मार्चलाच रात्री लावली. मी बघितली. बसमधल्या त्या आरोपीची तुरुंगातली मुलाखत, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचे वकील, शिकलेसवरलेले, काळा कोट घालून कॅमेऱ्यासमोर जे बोलले ते. आपले एक मंत्री म्हणाले हे भारताला बदनाम करायचं आंतरराष्ट्रीय कारस्थान आहे. इथे ज्या चॅनेलवर ती दाखवायची होती त्यांनी त्या वेळात तासभर नुसता तेवणारा दिवा दाखवला. आणि त्या मुलीचे आई-वडील? ते तर त्या डॉक्युमेंटरीत स्वतः बोललेत, लोकांनी बघावं असंच त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे जिच्यावर ती होती तिच्या घरच्यांना चालत होतं, आणि ज्यांचा काही संबंध नाही त्यांना लाज वाटत होती, आणि कायदा कुणाच्या बाजूनी उभा राहिला तर लाज वाटणाऱ्यांच्या. राज्यसभेत तेव्हा आपल्या पुण्याच्या उद्योजिका अनु आगा उभ्या राहिल्या होत्या, बंदी घालाल पण तो माणूस जे बोलला तसंच देशातल्या कितीतरी पुरुषांना वाटतं त्याचं काय, अशा अर्थाचं त्या बोलल्या. त्या सगळ्या गदारोळात मला शहाणं वाटलेलं ते एवढंच.

त्या डॉक्युमेंटरीवर आक्षेप घ्यायचेच तर होते की. खटल्याचं अपील सुप्रीम कोर्टात बाकी असताना आरोपीची मुलाखत दाखवावी का, हा साधा कायद्याचा प्रश्न आहे आणि तो कितीतरी स्त्रीवादी वकिलांनीच विचारला होता. पण तो ऐकायला वेळ कुणाला, सगळे बदनामीत अडकलेले.

आता कुणीतरी म्हणणारच, आणि माझा एक मित्र नेहमी म्हणतो, की दीडशे वर्षं लुटून नेलं त्यांनी आम्हाला आमचा कचरा दाखवायचा अधिकार काय. भावनेच्या जागी बरोबर आहे. आणि तिकडच्या कार्यक्रमांची एक ठरलेली चाल असते हेही खरं, सुरुवातीला सतार, मग गाय, मग हॉर्न, मग पिवळसर उजेडात पळणारी पोरं, आणि एक माणूस घाम पुसत सांगतोय की इथे सगळ्या इंद्रियांवर हल्ला होतो. सतार का, ते मला अजून कळलेलं नाही, धारावीत मी कुणाकडे सतार बघितलेली नाही. टॉप गियर या बीबीसीच्या गाड्यांवरच्या कार्यक्रमानी २०११ च्या डिसेंबरात दाखवलेल्या भागात भारतात येऊन गाडीच्या डिकीवर कमोड बसवला, इथे येणाऱ्या प्रत्येकाला जुलाब होतात म्हणून, तर आपल्या हाय कमिशननी बीबीसीकडे रीतसर तक्रार केली. खरं सांगू का, त्या भागात मला अपमानापेक्षा कंटाळा जास्त आला. तीन अर्धवट म्हातारे जुन्या ब्रिटिश गाड्या ढकलतायत आणि हसं त्यांचं स्वतःचंच होतंय, त्यावर पत्र काय लिहायचं.

पण ही नजर गोऱ्यांची आणि आपण तिचे बळी, एवढं सरळ असतं तर बरं झालं असतं. जानेवारी २०१४ मध्ये त्याच चॅनेल फोरवर बेनिफिट्स स्ट्रीट नावाची मालिका लागली, बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीनमधली जेम्स टर्नर स्ट्रीट, माझ्या घरापासून गाडीनी फार लांब नाही. सरकारी भत्त्यावर जगणारी माणसं, दारू, चोऱ्या, दारातला कचरा. त्या गल्लीतले लोक काय म्हणाले माहितीये? की आम्हाला सांगितलं होतं शेजारधर्मावर कार्यक्रम आहे म्हणून, आणि दाखवलं हे. शेकडो तक्रारी ऑफकॉमकडे, म्हणजे तिथल्या टीव्हीवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेकडे गेल्या, ऑफकॉमनी मालिकेला क्लीन चिट दिली, पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात दुसरा सीझनही झाला. गोरेच दाखवणारे, दाखवलेल्यांतले पुष्कळ गोरेच. आणि माझ्या ऑफिसातली तीच कलीग, तीच टोस्टवाली, मला म्हणाली, "आमचं सगळं बर्मिंगहॅम काही असं नाहीये हं." मी हसलो नाही, पण अगदी तोंडावर आलं होतं की तुमच्याकडे कुठला पूल झालाय का नवीन.

तेव्हापासून मला हा गोरे आणि आपण असा सामना वाटेनासाच झालाय. हा सोफ्यावरच्यांचा आणि गल्लीतल्यांचा मामला आहे, आणि सायनला तोवर एकदाच, तेही बॅगेसाठी उतरलेला मी ठार सोफ्यावरचा. बदनामी झाली म्हणून ओरडतो तो नेहमी सोफ्यावरचा असतो, मग सोफा डोंबिवलीत असो नाहीतर बर्मिंगहॅममध्ये.

आणि ब्रिटिश प्रेक्षकाला उगाच फार सोज्वळ किंवा फार दुष्ट ठरवायची पण गरज नाही. २००७ च्या जानेवारीत बिग ब्रदरच्या घरात शिल्पा शेट्टीला वर्णावरून घालूनपाडून बोलले तेव्हा ऑफकॉमकडे ४४,५०० च्या वर तक्रारी गेल्या होत्या, तेव्हाचा रेकॉर्ड होता तो. तक्रार करणाऱ्यांना ती कोण हे माहीत पण नसेल महिनाभर आधी. पण तिथेसुद्धा एक गोष्ट बघा, अन्याय समोर एका बाईवर होताना दिसला, ती बोलत होती, रडत होती, तिची बाजू तिच्याच तोंडून ऐकू येत होती. धारावीतल्या कुठल्याच माणसाला तेवढा वेळ मिळत नाही. तो दोन वाक्यं बोलतो, त्यावर इंग्लिश आवाज चढतो, आणि पुढच्या शॉटला प्रेझेंटर भावुक झालेला.

मग आपली माणसं आपल्या माणसांवर डॉक्युमेंटरी करत नाहीत का? करतात की, चांगल्या करतात. आनंद पटवर्धन घ्या. राम के नाम १९९२ ची, दूरदर्शनवर यायला १९९७ उजाडलं, तेही मुंबई हायकोर्टात भांडल्यावर. पिता, पुत्र और धर्मयुद्धसाठी प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, निकाल २००६ ला. वर्षानुवर्षं. म्हणजे आपल्या माणसानी दाखवलं तर आपण आपल्या टीव्हीवर लावणार नाही आणि बाहेरच्यानी दाखवलं तर तो बाहेरचा म्हणून चिडणार. २०२३ च्या जानेवारीतही बघा ना, मोदींवरची बीबीसीची डॉक्युमेंटरी इथे ब्लॉक झाली आणि मग मुंबईच्या टिसमधली (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) पोरं लॅपटॉपवर घोळका करून बघत बसली, एरवी त्यातल्या निम्म्यांनी बघितली पण नसती. एखाद्या गोष्टीत चुका असतील तर बघितल्याशिवाय त्या दाखवणार कशा?

मी २०१६ ला परत आलो. गेल्या पावसाळ्यात त्या जुन्या लेदरच्या बॅगेची चेन गेली, तीच धारावीतली, इंग्लंडला जाऊन आलेली. म्हटलं तिथेच नेऊ. सायनला वेस्टला उतरून लिंक रोडवरून आत एका गाळ्यात गेलो. खाली दुकान, वर शिडीनी चढून पोटमाळा, तिथे तीन शिलाई मशीन, एका पोराच्या तोंडात खिळे. मालक साठीचा, सोलापूरकडचा, मराठी अगदी तिकडची. चेन लावेपर्यंत गप्पा झाल्या आणि मी न राहवून विचारलंच, की टीव्हीवाले येतात का हो इथे, फॉरेनचे वगैरे.

"येत्यात की. फॉरेनचे येत्यात, आपले बी येत्यात, कालेजची पोरं तर लईच."

मग वाईट नाही वाटत, इथलं असं दाखवतात जगाला?

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, बहुतेक मी काय विचारतोय हेच त्यांना लागेना. मग म्हणाले, "दाखवू दे की. पन आवाज येतो म्हनून मशिनी बंद करायला लावत्यात बगा. दोन-दोन तास. तीन मशिनी, तीन कारागीर नुसते बसून. त्यांची मजुरी कोन देनार? आन् जाताना म्हनत्यात पाठवतो तुमाला, कधी लागनार त्ये. अजून एकानं बी पाठवलं न्हाई."

चेनचे दीडशे रुपये झाले. मी दोनशे दिले तर पन्नास परत केले, आणि वरच्या पोराला हाक मारून मशीन चालू करायला सांगितली.